मुरण्याची चव

मराठीत 'दारू' या शब्दाने फार मोठी जागा अडवून ठेवली आहे. फारसीत त्याचा अर्थ औषध. आपल्याकडे रुळता रुळता त्यातले औषध गळून पडले आणि तो एकीकडे तोफेत जाऊन बसला, दुसरीकडे बाटलीत. ताडी, मोहाची, हातभट्टीची, विलायती आणि द्राक्षांची वाइन या सगळ्यांना हा एकच शब्द पुरवला जातो. आणि तो उच्चारला की पुढची वाक्येही ठरल्यासारखी येतात. व्यसन, संसाराची धूळधाण, बाटली आडवी करण्याचे ठराव. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असे एका बाजूने सांगितले गेले आणि दुसऱ्या बाजूने 'दारू ती दारूच' असे उत्तर आले. पुढे तो निर्णय थंडावला. त्या साऱ्या गदारोळात मला एका गोष्टीचे नवल वाटत राहिले, ते असे की बाजूने बोलणारे आणि विरुद्ध बोलणारे, दोघांपैकी कुणीही तिच्या चवीबद्दल अवाक्षर काढले नाही.

यात वेगळे असे काही घडले नव्हते म्हणा. मी गेली अठरा वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवते आहे, आणि आमच्या साहित्यात मद्य आहे ते दोनच रूपांत. एक गडकऱ्यांचे. 'एकच प्याला' हे नाटक त्यांच्या मृत्यूनंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आले आणि सुधाकर, सिंधू, तळीराम ही नावे मराठी घराघरांत गेली. त्यातला प्याला हा परिणामांचा प्याला आहे. त्यात काय होते, कसे लागत होते, हा प्रश्न नाटकाला पडत नाही आणि पडण्याचे कारणही नाही. दुसरे रूप माधव जूलियनांचे. 'द्राक्षकन्या' हे शीर्षकच किती लोभस आहे! पण खय्यामाची मदिरा ही प्रतीकाची मदिरा. ती क्षणभंगुरतेवरचा उतारा म्हणून ओतली जाते, जिभेवर घोळवली जात नाही. भाऊसाहेब पाटणकरांच्या शेरांतही मद्यपी मिस्कील आहे, मैफल आहे, परंतु पेल्यातला पदार्थ तसा अदृश्यच. एकीकडे शाप, दुसरीकडे उन्माद. मधली जागा मोकळी.

आणि हे कुठल्या भाषेत? जिच्या समीक्षेचा सगळा संसार चवीच्या शब्दांवर चालतो त्या भाषेत. रस, रसिक, आस्वाद, आस्वादक समीक्षा. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस समजावून सांगताना दृष्टान्त घेतला तो नाना व्यंजनांनी युक्त अन्न सावकाश चाखणाऱ्या माणसाचा. आज बारावीच्या मुलालाही कवितेचे 'रसग्रहण' करावे लागते, अमुक इतक्या गुणांसाठी. प्रत्यक्ष रसाचे ग्रहण मात्र आम्ही जेवणापुरते ठेवले.

मला स्वतःला या मधल्या जागेत शिरायला पंचेचाळीस वर्षे लागली, त्याला साहित्याहून जवळचे कारण होते. माझे वडील पीत. गिरणी बंद पडल्यावर अधिक. कडीचा आवाज कसा होतो यावरून आई चहाचे आधण ठेवायचे की आम्हा भावंडांना शेजारी पाठवायचे ते ठरवत असे. तो वास मला आजही लोकलच्या डब्यात कुणाच्या श्वासाला आला तरी मानेमागे काटा उभा राहतो. तेव्हा 'एकच प्याला' शिकवताना मी इतर कुठल्याही नाटकापेक्षा कोरडी होते, असे विद्यार्थी म्हणत असतील तर ते खरे आहे. हे इथे सांगण्याचे प्रयोजन एवढेच की पुढे जे लिहिणार आहे ते शौकिनाचे लेखन नव्हे. वाइनविषयीची इंग्रजी पुस्तके आणि त्यांतली ती ओसंडून वाहणारी विशेषणे मला अजूनही पचत नाहीत.

झाले असे. आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे एक सहकारी गासचे. घर वाडीतले, विहीर, केळी, थोडी फुलशेती, थोडी पानवेल. थोरले बंधू जहाजावर अभियंता म्हणून आयुष्यभर फिरले आणि निवृत्त होऊन परतले. २०२३ मध्ये त्यांच्या आई गेल्या. वय नव्वदीच्या पुढचे. काही महिन्यांनी त्यांची पेटी उघडली तेव्हा लाल लुगड्याच्या घडीत गुंडाळलेली एक बाटली निघाली. बोर्दोची तांबडी वाइन, १९९६ सालची. थोरल्यांनी फ्रान्सच्या एका फेरीत अशा तीन बाटल्या घेतल्या होत्या. एक त्याच वर्षी संपली, एक त्यांनी पुढे घेतलेल्या थंड कपाटात तेरा अंशांवर ठेवली, आणि तिसरी आईजवळ दिली होती, 'नातवाच्या लग्नाला फोडू' म्हणून. नातवाने लग्न कॅनडात केले. बाटली पेटीतच राहिली. दोन तपे वसईच्या उन्हाळ्यांत आणि पावसाळ्यांत.

"दोन्ही एकाच वेळी उघडणार आहोत," सहकारी म्हणाले. "एकच वाइन, एकच वर्ष, एक थंडीत आणि एक पेटीत. असा प्रयोग पुन्हा मिळायचा नाही. मॅडम, तुम्ही या. आम्ही आकडे सांगू, शब्द तुम्ही सांगा."

नाही म्हणायला जीभ उचलली होती. पण त्या शेवटच्या वाक्याने घोटाळा केला.

जाण्याआधीच्या दोन आठवड्यांत मी माझ्या सवयीप्रमाणे पुस्तकांकडे वळले आणि पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की जुन्या वाइनबद्दल बोलायला लागणारे दोन शब्द मराठीजवळ इंग्रजीपेक्षा चांगले आहेत. पहिला 'तुरट'. युरोपीय परंपरेने चवी मोजल्या त्या चारच: गोड, आंबट, खारट, कडू, अलीकडे जपानी उमामी पाचवी म्हणून आली. तुरटपणाला ते चव मानत नाहीत, तोंडातला स्पर्श मानतात. शास्त्र म्हणून त्यांचे बरोबरच आहे. टॅनिन नावाची द्रव्ये लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळूला घासल्यासारखी होते. आपल्या षड्रसांत मात्र कषाय मानाने बसलेला आहे आणि त्याची शाळा आपल्याला लहानपणीच मिळते. जांभूळ, कच्चे केळे, सुपारी, हिरडा, आवळ्याचा पहिला चावा. तांबड्या वाइनचा कणा म्हणजे हा तुरटपणा. तो द्राक्षाच्या सालीतून येतो, बियांतून येतो, लाकडी पिंपातून येतो. मजेची गोष्ट अशी की 'टॅनिन' हा शब्दच कातडे कमावण्याच्या धंद्यातून आलेला. आपल्याकडे चांभार-ढोर समाजाने बाभळीची साल आणि हिरडा वापरून पिढ्यान्‌पिढ्या हेच द्रव्य हाताळले. आणि आपली क्रिया पाहा: कातडे 'कमावणे'.

दुसरा शब्द 'मुरणे'. याला इंग्रजीत नेमका प्रतिशब्द मला सापडलेला नाही. वय होणे म्हणजे मुरणे नव्हे. पिकणे तर नव्हेच, कारण फळ पिकते ते स्वतःच्या झाडाच्या भरवशावर. आंबणे वेगळे, कुजणे वेगळे. मुरण्यात दोन किंवा अधिक गोष्टी असाव्या लागतात, त्या एकमेकींत उतराव्या लागतात, आणि बाहेरच्याने मध्ये हात घालायचा नसतो. लोणचे मुरते, मुरांबा मुरतो, पाऊस जमिनीत मुरतो, माणूस राजकारणात मुरतो.

सहकाऱ्यांनी फळ्यावर शिकवावे तशा पद्धतीने जे सांगितले ते या क्रियापदात तंतोतंत बसले. नव्या तांबड्या वाइनचा रंग जांभळ्याकडे झुकलेला असतो, तो सालीतल्या रंगद्रव्यांचा. बाटलीत वर्षे जाऊ लागली की ही रंगद्रव्ये आणि टॅनिने एकमेकांना जोडून घेतात, लांब साखळ्या होतात, जड होऊन तळाला बसतात. म्हणून जुन्या बाटलीत गाळ असतो, म्हणून तुरटपणाची धार जाते, आणि म्हणून तांबडी वाइन वयाबरोबर फिकी होत जाते: जांभळी, मग माणकासारखी, मग कडेने विटकरी. (पांढरी उलट गडद होते.) फळांचे वास मागे सरतात आणि त्यांच्या जागी वाळली पाने, तंबाखू, कातडे, ओली माती असे वास येतात. हे होण्यासाठी मुळात तुरटपणा आणि आंबटपणा भरपूर हवा, आणि हवा संथ गारवा. जगात जितकी वाइन होते तिच्यातली बहुतेक दोन-चार वर्षांत पिऊन टाकण्यासाठीच केलेली असते. ठेवून सुधारणारी फार थोडी. ज्याच्यात मुरायला काही नाही ते नुसते शिळे होते. (विद्यार्थ्यांच्या पीएच.डी. प्रबंधांविषयी मला नेमके हेच म्हणायचे असते, असो.)

हे ज्ञान आपल्याला परके होते असेही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात नवे मद्य जड आणि दोष वाढवणारे, तर जुने हलके, रुची आणणारे, अग्नी प्रदीप्त करणारे असा निवाडा आहे. कौटिल्याने सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षांच्या मद्याला 'मधु' म्हटले आणि त्याचे प्रकार कापिशायन व हारहूरक असे देशांच्या नावांवरून सांगितले. बोर्दो म्हणताना फ्रेंच माणूस जे करतो तेच हे. मध्ये केव्हा तरी ही जाण आपण वैद्याच्या दुकानातल्या द्राक्षासवाच्या बाटलीत कोंबली आणि तिच्यावर 'दोन चमचे, समभाग पाण्यातून' असे लिहून मोकळे झालो.

वसईविषयी म्हणाल तर या किनाऱ्याला परदेशी वाइनचा वास दोन हजार वर्षांपूर्वीच लागला असला पाहिजे. आज संध्याकाळच्या विरार लोकलमधून आपण ज्या नालासोपाऱ्याला ढकलले जातो ते सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवीच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत त्याचे नाव आहे, आणि त्याच पुस्तकात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत वाइन आहे. इटलीची पहिल्या पसंतीची, मग लाओदिकेयाची आणि अरबस्तानातली. त्या वाइनचे रांजण, अँफोरा, यांची खापरे घारापुरीला मिळाली आहेत, नेवाशालाही मिळाली आहेत. म्हणजे माल घाट चढून गोदावरीच्या खोऱ्यात गेला होता. उन्हाळ्यात मिसरच्या बंदरातून निघून मान्सूनच्या वाऱ्यावर येणारी ती वाइन इथवर कशी पोचत असेल, हा प्रश्न मला नेहमीच पडतो. रांजणाला आतून राळेचा लेप असे, इतके माहीत आहे. बाकी काम उष्णतेचे.

उष्णता हीच आपल्याकडची खरी अडचण. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग सुमारे दुप्पट होतो. त्यामुळे वसईच्या घरात तिशीच्या आसपास ठेवलेली बाटली तळघरातल्या बाटलीच्या तिप्पट-चौपट वेगाने म्हातारी होते. आणि नुसती वेगाने नव्हे तर निराळ्या वाटेने, कारण सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत. शिजवलेले आणि मुरलेले यांत जो फरक तोच. अपवाद एक आहे आणि तो पोर्तुगीजांचाच. मदेरा बेटाची वाइन पिंपांतून उष्ण प्रदेशांत जाऊन परत आली की बिघडण्याऐवजी अधिक चांगली लागते असे त्यांच्या ध्यानात आले. मग मुद्दाम अशी सफर घडवून आणलेल्या वाइनला वेगळा भाव मिळू लागला आणि पुढे तर बेटावरच ती तापवून ठेवण्याची रीत पडली. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी किल्ला घेईपर्यंत वसईत पोर्तुगीज होते. किल्ल्यातल्या पडक्या चर्चमधून फिरताना त्या पिंपांची कल्पना करायला कुणाची हरकत नसावी.

नाशिकचा प्रश्न थोडा वेगळा. तिथे वेल हिवाळ्यात झोपतच नाही, म्हणून बागाईतदार त्याला वर्षातून दोनदा छाटतो; एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. द्राक्षे उतरतात जानेवारी ते मार्चमध्ये. नारायणगावला ऐंशीच्या दशकात सुरुवात झाली, २००१ मध्ये राज्याचे द्राक्ष प्रक्रिया धोरण आले, आणि नाशिकची वाइन नाव करू लागली. तिच्यातली चांगली तांबडी वाइन मी आता चाखली आहे आणि ती मला आवडली. पण या धंद्याचे वयच अजून पाव शतकाच्या आसपास आहे. तीस वर्षांची बाटली उघडून बघण्याइतका भूतकाळ त्याला हवा ना.

या सगळ्या वाचनाविषयी मी एके रात्री आईला सांगत बसले होते. मद्याचा थेंब ज्या घरात येऊ द्यायचा नाही असे तिने ठरवले त्याच घरात, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर, लिंबाच्या उपासाच्या लोणच्याची एक बरणी आहे. ते २००८ मधले. मूळचे पिवळे, आता डांबरासारखे काळे. फोडी विरघळून गेल्या आहेत, साल तेवढी चिवट राहिली आहे. तापातून उठलेल्याला, तोंडाची चव गेलेल्याला ती त्यातले बोटभर देते. ओला चमचा लागू द्यायचा नाही, दादरा घट्ट, बरणी उजेडात ठेवायची नाही, पहिली दोन वर्षे उघडायचीच नाही. हे सारे नियम ती मला सांगत होती आणि मी मनात बाटली, बूच, अंधार, तेरा अंश अशी जोडी लावत होते.

"जुनं झालं की त्याचा तोरा जातो," ती म्हणाली. "मीठ वेगळं लागत नाही, लिंबू वेगळं लागत नाही. कडू होतं आधी. मधली तीन-चार वर्षं तर खाववत नाही. तेव्हा लोक फेकून देतात."

वाइनच्या पुस्तकांतही ही मधली वर्षे आहेत. फळाचा ताजेपणा गेलेला आणि जुनेपण अजून आलेले नाही, अशी काही वर्षे कित्येक उत्तम वाइन मुकी होऊन बसते.

मग ती थोडे थांबून म्हणाली, "यांना शेवटी तेवढंच लागायचं." वडील गेले ते यकृताने. शेवटचा दीड महिना तोंडात काही धरवत नसे. या बरणीतले लोणचे मात्र भाताच्या पेजेबरोबर मागून घेत. २०१४ ची गोष्ट. म्हणजे तेव्हा ते सहा वर्षांचे होते. त्यांच्यासाठी तिने ती बरणी फोडली, आणि मग पुन्हा दादरा बांधून वर ठेवली. त्यांच्याविषयी इतक्या सौम्य स्वरात बोलताना मी तिला त्याआधी ऐकले नव्हते.

"जा तू," ती म्हणाली. "चाखून ये. मला सांग कशी लागते ती."

नोव्हेंबरातल्या एका रविवारी, संध्याकाळची प्रार्थना आटोपल्यावर, आम्ही चौघे ओटीवर बसलो. थोरले बंधू, त्यांना मीही दादाच म्हणते, वहिनी, सहकारी आणि मी. सुरुवात घरच्या वाइनने झाली. काळी द्राक्षे, साखर, खमीर, मूठभर गहू, दालचिनी. चिनी मातीच्या बरणीत एकवीस दिवस, रोज लाकडी डावाने ढवळून, मग फडक्यातून गाळून. गोड, तिखटसर, आणि नाताळची. तिच्यात जुने होण्याची महत्त्वाकांक्षा नाही. दादांनी मध्येच कानाच्या लग्नाची गोष्ट काढली. मराठी बायबलात शब्द 'द्राक्षारस' असा आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात नशा आधी येत नाही, रस येतो. पाण्याचा द्राक्षारस झाल्यावर भोजनकारभारी नवऱ्यामुलाला म्हणतो की लोक चांगला आधी वाढतात आणि पाहुणे झिंगल्यावर हलका, तू मात्र चांगला मागे ठेवलास. त्या गोष्टीत चव ओळखणारा तो एकटाच, आणि रस कुठून आला हे त्यालाच ठाऊक नाही. समीक्षकाचे इतके नेमके चित्र मी दुसरीकडे पाहिले नाही.

थंड कपाटातली बाटली दादांनी आदल्या दिवसापासून उभी करून ठेवली होती, गाळ तळाला बसावा म्हणून. बूच अर्ध्यात तुटले. उरलेले त्यांनी बोटांनी, दात काढावा तसे काढले. मग मानेमागे मेणबत्ती धरून वाइन काचेच्या सुरईत सावकाश ओतली आणि मानेशी गाळाची काळी रेघ दिसताच हात थांबवला. रंग माणकाचा, पण कडेला वीट. वास घ्यायला मी पेला उचलला आणि मान मागे घेतली. तो काटा येणार असे वाटले होते. आला नाही. कारण हा वास श्वासातला नव्हता, वस्तूंचा होता. आमच्या ग्रंथालयात जुलैमध्ये जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे सोडले की येतो तो. मग वाळका तंबाखू. मग वहिनी म्हणाल्या, "पानाची करंडी," आणि ते इतके नेमके होते की सगळेच गप्प झालो. केळीच्या ओल्या सोपटात बांधलेली विड्याची पाने दुसऱ्या दिवशी उघडली की जो वास येतो, हिरवा पण थकलेला, तोच.

चव सांगणे अवघड. तुरटपणा होता, पण तो जिभेला पकडत नव्हता. जांभळाचा नाही, जुन्या सुपारीचा, चघळून झाल्यावर गालात राहतो तो. आंबटपणा आमसुलाचा, अगदी मागे. गोडी म्हणावी तर साखर नाही, आणि तरी गिळल्यानंतर बराच वेळ काही तरी गोडसर राहिले. घड्याळ लावून सहकाऱ्यांनी पाऊण मिनिट मोजले. मी त्यांना म्हटले, आमच्यात याला अनुरणन म्हणतात. घंटा वाजल्यावर जो नाद मागे राहतो त्यावरून आनंदवर्धनाच्या परंपरेने ध्वनीचा एक प्रकार समजावला, तो हा. हे बोलताना आपण वर्गात जे अठरा वर्षे शब्दांनी समजावत आलो ते तोंडात आहे, याची मला गंमत वाटत होती.

मग पेटीतली. बाटलीच्या मानेतली पातळी दोन बोटे उतरलेली, बूच आरपार भिजलेले, वरच्या वेष्टनाला चिकट डाग. रंग काढ्याचा. वास आधी बरा वाटला. सुकेळीचा, तोच मधाळ, उन्हात आटलेल्या राजेळी केळ्याचा. वसईकराला तो वास परका कसा वाटेल? मागून मात्र शिर्क्याची टोचणी आली. चव सुरू होते आणि मध्येच संपते. शिजवलेल्या मनुका, आणि मग काही नाही. सहकाऱ्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकले, "ऑक्सिडाइज झाली. गेली." प्रयोगाचा निष्कर्ष स्पष्ट होता. एकाच मळ्यातली, एकाच वर्षाची दोन भावंडे, आणि त्यांच्यातला फरक केवळ कुणाला कुठे ठेवले याचा.

दादांचा पेला मात्र त्याच वाइनचा राहिला. चांगली वाइन त्यांनी एकदा चाखली, मान डोलावली, आणि परत पेटीतल्या बाटलीकडे वळले. सावकाश पीत होते, एकेक घोट, न बोलता. भावाने दोनदा म्हटले, "दादा, ही घे ना, ती कशाला?" ते म्हणाले, "आईने तेवीस वर्षं सांभाळली रे. प्रत्येक पावसाळ्यात लुगडं बदलून बांधायची. बुरशी लागू नये म्हणून." वहिनींनी सांगितले की म्हातारीला बाटलीत काय आहे ते पुरते ठाऊकही नव्हते, लेकाची ठेव आहे एवढेच ठाऊक होते. मी माझ्या वहीत लिहिलेला 'शिजलेली, मध्येच संपणारी' हा शेरा खोडला नाही, कारण तो खराच होता. त्याच्या शेजारी दुसरे काही लिहावे असे मात्र वाटले, आणि शब्द मिळाला नाही.

तासाभराने थंड कपाटातली वाइनही उतरू लागली. इतकी जुनी वाइन हवेत फार टिकत नाही. पानाचा वास गेला, तंबाखू गेला, नुसता एक सभ्य आंबटपणा राहिला. सुरईतले शेवटचे दोन घोट वहिनींनी मला एका लहान औषधाच्या बाटलीत घालून दिले, काठोकाठ, हवा राहू नये म्हणून. आईसाठी. ती रात्री तिने हुंगली, जिभेच्या टोकाला लावली, आणि विचारले की मीठ घालत नाहीत का. मग म्हणाली, "मुरलीय. पण उघडून वेळ झाला हिला."

पेटीतल्या बाटलीत निम्म्याहून थोडे कमी उरले होते. सहकारी ते मोरीत ओतायला निघाले तेव्हा वहिनींनी बाटली हातातून काढून घेतली. त्यांच्या स्वयंपाकघरात शिर्क्याची एक काळपट बरणी आहे, सासूच्या वेळची; तळाचा मुरवणीचा थर कधी काढत नाहीत, नुसती भर घालत राहतात. त्यांनी दादरा सोडला, बाटली उपडी केली, आणि गाळासकट सगळे त्यात गेले. नाताळच्या इंद्यालाला लागेल, म्हणाल्या.